वाळलेल्या पानांची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरांतील जुने कागद आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. जाड कागदावर चिकटवलेली एखादी वाळकी डहाळी हेंहि इतिहासाचें साधन होऊं शकतें, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांच्या संग्रहालयांत अशा डहाळ्या लाखांनीं सांठवलेल्या आहेत, आणि प्रत्येकीखालीं एक चिठ्ठी आहे. वनस्पतीचें नांव, ती जेथें सांपडली तें ठिकाण, तोडल्याची तारीख, तोडणाऱ्याचें नांव व त्याच्या वहींतील क्रमांक, एवढा मजकूर त्या चिठ्ठीवर असला म्हणजे तो कागद एखाद्या दस्तऐवजाच्या योग्यतेचा होतो. चिठ्ठी हरवली तर तीच डहाळी केवळ पाचोळा होय.

अशाच एका दप्तराची ओळख आज करून द्यावयाची आहे. तें दप्तर आहे दक्षिण अमेरिकेंतील सिंकोना ह्या वृक्षवंशाचें. हिंवतापावरचें क्विनाईन, ज्याला आपल्याकडे पूर्वीं घरोघर कोयनेल म्हणत, तें ह्याच वृक्षाच्या सालींतून निघतें. कॉफी, कदंब आणि मंजिष्ठ हे त्याचे एकाच कुळांतले नातलग. व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत अँडीज पर्वताचे जे दमट, धुक्यानें भरलेले उतार आहेत, तें त्याचें मूळ स्थान. इतर वनस्पतींच्या नांवांविषयीं पंडितांनीं कितीहि वाद घातला, तरी सामान्य माणसाचें त्यांत फारसें अडत नाहीं. सिंकोनाची गोष्ट निराळी होती. ह्या वंशाच्या एका जातीच्या सालींत क्विनाईन भरपूर, तर तिच्या शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या जातींत तें जवळजवळ नाहींच. येथें नांव चुकलें म्हणजे औषध चुकलें, आणि औषध चुकलें म्हणजे रोगी दगावला. म्हणून त्या वाळक्या पानांच्या चिठ्ठ्यांकडे आपण जरा आदरानें पाहिलें पाहिजे.

सतराव्या शतकाच्या मध्यास ही साल युरोपांत पोंचली. पेरूमधील येशूसंघाच्या पाद्र्यांनीं ती रोमला आणली, म्हणून तिला पाद्र्यांची पूड असें नांव पडलें. १६४९ मध्यें रोमहून तिच्या मात्रेचें छापील पत्रकहि निघालें. परंतु ज्या झाडाची ती साल, तें झाड मात्र युरोपांतील एकाहि वनस्पतिशास्त्रज्ञानें पाहिलेलें नव्हतें. व्यापारी गांठोडीं आणीत, वैद्य पूड करीत, आणि गुण आला नाहीं म्हणजे एकमेकांस लबाड म्हणत. सालीच्या तुकड्यावरून झाड ओळखणें म्हणजे नुसत्या चिंधीवरून मालक ओळखण्यासारखेंच होतें. ही स्थिति सुमारें शंभर वर्षें टिकली.

१७३५ सालीं पृथ्वीचा आकार मोजण्याकरितां फ्रान्सची एक मंडळी आजच्या इक्वेडोरमध्यें जाण्यास निघाली. तींतील ला कोंदामीन हा गणिती १७३७ मध्यें लिमाला जातांना लोहा गांवावरून गेला. उत्तम साल ह्याच गांवाच्या परिसरांतून येते, अशी ख्याति होती. ला कोंदामीन हा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, तथापि त्यानें झाड स्वतः पाहिलें, त्याचें वर्णन लिहिलें, चित्र काढलें आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पाठविलें. त्या वर्णनाच्या आधारावर स्वीडनच्या लिनीअसनें १७४२ मध्यें ह्या वंशाला सिंकोना हें नांव दिलें. नांव ठेवतांना लिनीअसपुढें ना झाड होतें, ना फांदी. होता तो केवळ दुसऱ्याचा लेख.

त्या नांवांतहि एक दंतकथा गुंतलेली आहे. पेरूच्या सुभेदाराची पत्नी, चिंचोनची सरदारीण, ह्या सालीनें तापांतून वांचली आणि तिनेंच ती स्पेनला आणली, अशी कथा १६६३ मध्यें एका इटालियन वैद्यानें छापली होती. लिनीअसनें तिच्या गौरवार्थ नांव ठेवलें, आणि ठेवतांना त्यांतील एक अक्षर गाळलें. पुढें जुनीं कागदपत्रें तपासलीं तेव्हां कथा कोसळली. सरदाराची पहिली पत्नी तो पेरूस जाण्यापूर्वींच स्पेनमध्यें वारली होती. दुसरी परत येतांना वाटेंतच, कार्ताहेना बंदरांत, १६४१ मध्यें मरण पावली. १९४१ सालीं हॅगिस नांवाच्या संशोधकानें हा सर्व घोटाळा उलगडून दाखविला. तोंपर्यंत दोन शतकें ती कथा पाठ्यपुस्तकांतून सुखानें नांदत होती. चुकलेलें अक्षर आणि खोटी कथा, दोन्ही त्या नांवांत कायमचीं राहिलीं आहेत, कारण शास्त्राच्या नियमाप्रमाणें प्रथम दिलेलें नांव सहसा बदलतां येत नाहीं.

ला कोंदामीनच्याच मंडळींत जोसेफ द ज्युस्यू हा खरा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७३९ मध्यें तो लोहास गेला आणि सिंकोनाच्या एकाहून अधिक जाती आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें. तो पस्तीसहून अधिक वर्षें त्या खंडांत राहिला. त्याचा एक मोठा संग्रह ब्वेनोस आयरेस येथें चोरीस गेला. पेटींत पैसा असावा ह्या समजुतीनें ती लांबविली गेली, असें सांगतात. १७७१ मध्यें तो पॅरिसला परतला तो स्मृति गमावलेल्या अवस्थेंत. जें त्यानें पाहिलें तें सांगण्यास पेटीहि नाहीं आणि जिव्हाहि नाहीं, अशी ही करुण कहाणी आहे.

ह्यानंतर स्पेनच्या राज्यांत दोन पक्ष उभे राहिले. आजच्या कोलंबियांत मूतिस हा वैद्य व धर्मगुरु होता. त्यानें १७६४ मध्यें लिनीअसला सिंकोनाचे वाळलेले नमुने व चित्र पाठविलें. लिनीअसला प्रत्यक्ष नमुना मिळाला तो असा, वंशाला नांव दिल्यानंतर बावीस वर्षांनीं. त्यानें आपलें वर्णन त्यावरून सुधारलें. पण ला कोंदामीननें लोहास पाहिलेलें झाड आणि मूतिसच्या कागदावरची फांदी ह्या सर्वस्वीं एकाच जातीच्या नव्हत्या. दोन जातींचीं लक्षणें एका नांवाखालीं मिसळलीं, आणि तो गुंता सोडवितांना पुढच्या पिढ्या थकल्या.

पेरूमध्यें रुईझ व पाव्होन हे दोघे तरुण १७७८ पासून दहा वर्षें रानोमाळ हिंडले. त्यांच्या श्रमांवर जणू पंचमहाभूतेंच रुष्ट झालीं होतीं. १७८५ मध्यें त्यांच्या मुक्कामाला आग लागून लिखाण व नमुने जळाले. १७८६ मध्यें त्यांच्या संग्रहाच्या पेट्या घेऊन निघालेलें जहाज पोर्तुगालच्या किनाऱ्याशीं फुटलें आणि पेट्या समुद्रांत गेल्या. तरीहि जें उरलें त्यावरून रुईझनें १७९२ मध्यें सिंकोनावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मूतिसचा पक्ष म्हणे, नारिंगी, तांबडी, पिवळी व पांढरी अशा चारच साली औषधी. पेरूचा पक्ष म्हणे, जाती पुष्कळ आहेत आणि तुमच्या चार साली म्हणजे आमच्या नव्हेत. हा वाद विद्येचा होता, तसाच व्यापाराचाहि होता, कारण राजाच्या औषधशाळेनें साल कोणत्या प्रांतांतून घ्यावयाची, हें त्यावर ठरणार होतें. मूतिसनें ज्यांना सिंकोना म्हटलें त्यांपैकीं कांहीं झाडें आज त्या वंशांतहि धरलीं जात नाहींत.

येथें एक शास्त्रीय गोष्ट सांगणें अवश्य आहे. सिंकोनाचीं पानें मोठीं फसवीं असतात. एकाच झाडाचीं कोंवळीं व जून पानें निराळीं दिसतात, आणि उंचीप्रमाणें त्यांचा आकारहि पालटतो. फुलाच्या पाकळ्यांच्या कडांना असलेली लोकरीसारखी लव, बोंड कोणत्या टोंकाकडून उकलतें, आणि पानाच्या शिरांच्या कोनांत बारीक खळगीं आहेत कीं नाहींत, ह्यांवरून तज्ज्ञ निर्णय करतो. म्हणून नुसत्या पानांचा नमुना म्हणजे अर्धी साक्ष. फूल, फळ, पान आणि साल हीं चारी एकाच झाडाचीं असून तसें चिठ्ठीवर लिहिलेलें असेल, तरच साक्ष पुरी होते. त्या दमट अरण्यांत कागद वाळत नसत, बुरशी चढे, मुंग्या फुलें खात. चांगला नमुना म्हणजे किती कष्टांचें फळ, ह्याची यावरून कल्पना येईल.

१८२० सालीं पॅरिसमध्यें पेल्त्ये व काव्हांतू ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं सालींतून क्विनाईन वेगळें काढलें, आणि प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. आतां सालीचें सत्त्व तोलतां येऊं लागलें. परंतु अमकी साल तमक्या झाडाची, हें सांगणार कोण? रसायनशाळेंतील आंकडा आणि रानांतील झाड ह्यांना जोडणारा दुवा म्हणजे तो वाळका नमुनाच होता. वेडेल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें बोलिव्हिया व पेरूच्या अरण्यांत स्वतः हिंडून साल व पान एकत्र गोळा केलें, आणि १८४९ च्या आपल्या ग्रंथांत पिवळ्या सालीची कॅलिसाया ही मोलाची जात प्रथम नीट सांगितली. लंडनमध्यें जॉन एलियट हॉवर्ड हा क्विनाईनचा कारखानदार ह्याच ध्यासानें झपाटलेला होता. म्हाताऱ्या पाव्होननें आपले नमुने विकले होते. त्यांतील कांहीं लंडनच्या लॅम्बर्ट नांवाच्या संग्राहकाकडे गेले आणि १८४२ मध्यें लिलांवांत पांगले. पाव्होनचें न छापलेलें हस्तलिखित हॉवर्डनें माद्रिदहून मिळविलें, त्याच्या नमुन्यांशीं ताडून पाहिलें, आणि १८६२ मध्यें चित्रांसह प्रसिद्ध केलें. तांबड्या सालीच्या झाडाचें सक्सिरुब्रा हें नांवहि पाव्होननें आपल्या कागदांत लिहून ठेवलें होतें. त्याच्या हयातींत तें छापलें गेलें नाहीं. दुसऱ्यांनीं तें संग्रहांतून उचलून मागाहून प्रसिद्ध केलें.

ह्या सुमारास युरोपीय सत्तांना आपल्या वसाहतींत सिंकोना लावण्याची निकड भासूं लागली होती. जातींची ओळख कच्ची असली म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला डच लोकांनीं जावा बेटांत दिला. हास्कार्ल ह्यानें १८५४ मध्यें तेथें रोपें आणलीं. त्यांत एक जोमदार जात होती, तिला हॉवर्डनें तेथील गव्हर्नर जनरलच्या नांवावरून पहुडियाना म्हटलें. ती झपाट्यानें वाढे, म्हणून युंगहून ह्या अधिकाऱ्यानें तिचीं लाखों झाडें लावलीं. सालीची परीक्षा झाली तेव्हां कळलें कीं, क्विनाईन जवळजवळ नाहींच. दहा वर्षांचा खर्च व श्रम एका चुकलेल्या निवडीनें वायां गेले.

इंग्रजांनीं क्लेमेंट्स मार्कहॅमला पेरूस धाडलें आणि रिचर्ड स्प्रूस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला इक्वेडोरमधील तांबड्या सालीचें काम सोंपविलें. स्प्रूसनें १८६० मध्यें चिंबोरासो पर्वताच्या पायथ्याच्या रानांत, प्रकृति मोडलेली असतांना, सुमारें एक लाख बिया गोळा केल्या. त्याचा सहायक रॉबर्ट क्रॉस ह्यानें ६३७ रोपें कांचेच्या पेट्यांतून रवाना केलीं. निलगिरीवर व दार्जिलिंगच्या डोंगरांत त्यांच्या बागा फुलल्या. आपल्या महाबळेश्वरासहि लिंगमळा येथें सरकारनें सिंकोनाची लागवड करून पाहिली होती, पण ती टिकली नाहीं. तांबड्या सालींत क्विनाईन थोडें, परंतु तिच्या बरोबरीचीं दुसरीं ज्वरनाशक सत्त्वें बरींच, म्हणून भारतांत त्यांपासून स्वस्त औषध तयार होऊं लागलें. १८९२ पासून बंगालमध्यें पोस्टाच्या कचेऱ्यांतून पैशापैशाच्या पुड्या विकल्या जाऊं लागल्या.

परंतु सर्वांत समृद्ध झाडें आलीं तीं कोणा राजदूताकडून नव्हेत, तर एका आयमारा माणसाच्या डोळ्यांवरून. मान्वेल इंक्रा मामानी हें त्याचें नांव. बोलिव्हियाच्या रानांत साल काढणाऱ्यांत तो वाढला. कोणत्या झाडाची साल उत्तम, हें तो पान, फूल व खोडाचा रंग पाहून सांगे. चार्ल्स लेजर ह्या इंग्रज व्यापाऱ्यासाठीं त्यानें निवडक झाडांच्या बिया जमविल्या. थंडीनें बहर जळत गेल्यामुळें त्यासाठीं त्याला कित्येक वर्षें वाट पाहावी लागली. १८६५ मध्यें बिया लंडनला पोंचल्या. इंग्रज सरकारनें त्या घेतल्या नाहींत, डचांनीं त्यांतील थोड्या विकत घेतल्या. त्यांपासून जावांत जीं झाडें वाढलीं, त्यांच्या सालींत दहा टक्क्यांहून अधिक क्विनाईन निघालें. इतर सालींना दोन-चार टक्के मिळणें मुष्कील होतें. डचांनीं ह्या झाडांना दूर ठेवून संकर टाळला, आणि १९३० च्या सुमारास जगांतील नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनाईन एकट्या जावांतून येऊं लागलें. झाडांना लेजरचें नांव मिळालें. मामानी पुन्हा बिया जमवीत असतां पकडला गेला, तुरुंगांत त्याला मारहाण झाली, आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १८७१ मध्यें, तो मरण पावला. त्याचें नांव एकाहि जातीला नाहीं. चिठ्ठीवर संग्राहक म्हणून ज्याचें नांव असतें, तोच नेहमी झाड ओळखणारा असतो असें नाहीं, हा ह्या दप्तराचा सर्वांत कटु धडा होय.

१९४२ च्या मार्चमध्यें जपाननें जावा घेतलें आणि क्विनाईनचा पुरवठा तुटला. हिंवतापाच्या प्रदेशांत लढणाऱ्या सैन्यांना औषध हवें होतें. तेव्हां अमेरिकेनें आपले वनस्पतिशास्त्रज्ञ कोलंबिया, इक्वेडोर, पेरू व बोलिव्हियाच्या अरण्यांत पाठविले. शंभर-दीडशें वर्षांपूर्वींच्या चिठ्ठ्यांवरील गांवें व डोंगर हे त्यांचे वाटाडे झाले. ज्याला आपण धूळ खात पडलेला कागद म्हणतों, तो ऐन युद्धांत नकाशाच्या कामीं आला. त्या मोहिमांत जमविलेले नवे नमुनेहि आज संग्रहालयांत आहेत.

युद्धानंतर कृत्रिम औषधांनीं क्विनाईनला मागें सारलें, आणि हें दप्तर बंद होईल असें वाटलें. तसें झालें नाहीं. स्वीडनच्या लेनार्ट अँडरसननें निरनिराळ्या देशांतील नमुने तपासून १९९८ मध्यें ह्या वंशाचा समग्र आढावा प्रसिद्ध केला. शेंकडों नांवांचा पसारा आवरून त्यानें अवघ्या २३ जाती मानल्या. पाव्होनची सक्सिरुब्रा आज प्युबेसेन्स ह्या जातींत समाविष्ट होते, आणि लेजरचीं झाडें कॅलिसायांत. अलीकडे ह्या चिठ्ठ्या संगणकांत उतरविल्या जात आहेत, आणि घरबसल्या कोणासहि त्या पाहतां येतात. परंतु नक्कल जुनी चूक पुसत नाहीं, ती दूरवर पोंचविते. २०१५ मध्यें कांहीं संशोधकांनीं सिंकोनाच्या गणांतील नमुन्यांची तज्ज्ञांनीं तपासलेली यादी सार्वजनिक यादीशीं ताडून पाहिली, तेव्हां ठिकाणांच्या आंकड्यांत अनेक दोष आढळले. एक आंकडा चुकला कीं डोंगरावरचें झाड भलत्याच मुलखांत उगवतें.

ह्याच्या उलट एक समाधानाची हकीकत आहे. लंडनजवळ क्यू येथील संग्रहांत सिंकोनाच्या सालीचे सुमारें हजार नमुने आहेत, त्यांत हॉवर्डच्या हातचेहि आहेत. जुन्या रसायनज्ञांनीं सालींतील सत्त्वांचीं प्रमाणें कित्येकांवर लिहून ठेविलीं होतीं. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्याच साली आधुनिक यंत्रांनीं पुन्हा तपासल्या गेल्या, आणि दीड शतकापूर्वींचे आंकडे नव्या आंकड्यांशीं बरेच जुळले. ज्यानें तराजू प्रामाणिकपणें धरला आणि चिठ्ठी सुवाच्य लिहिली, त्याची साक्ष अद्याप ग्राह्य ठरते.

ह्या झाडाची आजची दशा विचित्र आहे. पेरूच्या राजचिन्हावर १८२५ पासून सिंकोनाचें चित्र आहे, पण त्याच्या मूळ रानांत अतोनात तोडीमुळें व जंगलांच्या नाशामुळें तें कित्येक ठिकाणीं विरळ झालें आहे. उलट गालापागोस बेटांवर माणसानें नेलेली तांबडी साल तेथील मूळ वनस्पतींना दडपून पसरली आहे. पूर्वीं झाड कोठें होतें आणि आज कोठें उरलें, हें जाणण्यास जुन्या चिठ्ठ्यांवांचून दुसरें साधन फारसें नाहीं. जेथें झाड उरलें नाहीं, तेथें त्याचा शेवटचा पुरावा कागदावरची ती फांदी असते.

यास्तव वाळलेलें पान म्हणजे मेलेलें पान, असें समजूं नये. ह्या एका वंशाच्या कागदांत राजांचा लोभ आहे, व्यापाऱ्यांची घाई आहे, बुडालेलीं जहाजें आहेत, पंडितांचे हट्ट आहेत आणि मामानीसारख्यांचें न लिहिलेलें नांवहि आहे. पुढें जो कोणी रानांत जाऊन फांदी तोडील, त्यानें ठिकाण, तारीख व क्रमांक तर लिहावाच, पण ज्यानें वाट दाखविली आणि झाड ओळखून दिलें, त्याचेंहि नांव त्या चिठ्ठीवर लिहावें. त्या एका ओळीला जागा फारशी लागत नाहीं.